पूर्वेला सूर्य मावळवणाऱ्या साहेबांस

प्रति,
बेटांवरच्या हॉटेलांची वर्णनं लिहिणारे साहेब,
मुक्काम : माहीत नाही, पण 'सी व्ह्यू' असणारच.



तुमचं नाव हॉटेलवाल्यांनी सांगितलं नाही. "ते बाहेरून लिहून येतं," एवढंच म्हणाले. तेव्हा हे पत्र उघड्यावरच टाकतो. मी जालन्याचा. नव्या मोंढ्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. आम्हा दुकानदारांना बेटं अगदीच नवी नाहीत. टार्गेट गाठलं की बियाण्यांच्या नि औषधांच्या कंपन्या फुकेत, बाली फिरवून आणतात. हॉटेल कंपनी निवडते, आम्ही एकसारख्या टोप्या घालून फोटोला उभे राहतो. या खेपेला मात्र लग्नाची पंचविशी होती. स्वतःच्या खिशातून, फक्त दोघं, दिवाळीनंतर अंदमानला. स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. तिथलं 'बुटीक' हॉटेल तुमची लेखणी वाचून ठरवलं.

लेखणी कसली, जादूची कांडीच ती! 'बाल्कनीतून न्याहाळा, समुद्रात विरघळणारा सूर्यास्त.' आता हॉटेल होतं विजयनगरच्या बाजूला, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. त्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो आणि मावळायला पलीकडे, पश्चिमेच्या राधानगरला जातो. हा त्याचा जुना शिरस्ता आहे, तुमच्या संपादकाला विचारा. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम ठरवलेला किनारा तो राधानगरचाच. तुम्ही फोटो तिथला घेतलात, भाडं इथल्या खोलीचं लावलंत आणि मधलं सगळं बेट अलगद पुसून टाकलंत.

शिवाय 'मावळतीच्या साक्षीने कँडललाइट डिनर'. अंदमान आमच्या जालन्याच्या सतरा रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. नोव्हेंबरात तिथला सूर्य पाचच्या आतच बुडतो. त्या वेळी जालन्यात दुपारच्या चहाचं आधण चढतं. पावणेपाचला आम्हाला जेवायला बसवून साडेपाचला झोपवायचा बेत होता की काय?

पण तुमची खरी कमाल समुद्राची. 'खोलीतून दोन मिनिटांत निळ्याशार पाण्यात.' किनारा दोन मिनिटांवर होता, हे कबूल. पाणी मात्र तिथे नव्हतं. ओहोटीला ते दूर आत सरकलेलं, आणि मधल्या भागात खडक, मेलेली प्रवाळं, पायाला टोचणारे तुकडे. आम्ही मराठवाड्याचे, भरती-ओहोटीशी आमचा संबंध येतो कुठे? रिसेप्शनवरच्या पोराने समजावलं की अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सर्वांत लांब हटतं, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. कार्तिकी पौर्णिमा तोंडावर आली होती. म्हणजे आमच्या मुक्कामात पोहण्याजोगं पाणी कधी असेल, हे कुणालाही आधीच सांगता आलं असतं. भरती-ओहोटीचं कोष्टक छापील मिळतं, साहेब. तुमच्या वर्णनात 'आत्म्याला साद घालणारी शांतता' बसली, तिथे एक वेळ बसली नसती?

अंदमान बाकीच्या महाराष्ट्राला सेल्युलर जेलमुळे ठाऊक. बियाणेवाल्याला ते मान्सूनमुळे ठाऊक. मे महिन्यात 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी आली की आमच्या दुकानातले फोन वाजायला लागतात. २०२५ मध्ये तर तो १३ मेलाच पोचला होता. तुम्ही मात्र मे-जूनच्या खोल्या 'उन्हाळी सुटीची खास सवलत' म्हणून विकता. ज्या पावसाची वाट बघत आम्ही आभाळाकडे डोळे लावतो, तो पाऊस तुम्ही सवलतीत, न सांगता, खोलीसोबत देता. आणि नैर्ऋत्येचा संपला की ईशान्येचा असतोच; नोव्हेंबरात आम्ही त्याचीही चव घेतली.

इंटरनेट चालत नव्हतं, त्याला तुम्ही 'डिजिटल डिटॉक्स' म्हटलंत. चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, १० ऑगस्ट २०२० ला तिचं उद्घाटन झालं, ती स्वराज द्वीपापर्यंतही पोचली. पुढचं काही पावलांचं अंतर तिला झेपलं नसावं. 'मोजक्याच खोल्या' म्हणजे स्वयंपाकीही एकच, हे 'जागतिक चवींची मेजवानी' वाचताना कळलं नाही. कार्तिकी एकादशीला आमच्या मंडळींच्या ताटात उकडलेले बटाटे आले. 'खासगी जलतरण तलावा'त दोन हात मारायच्या आत भिंत लागते. आणि बाथटबच्या काठावर पाटी : 'पाणी जपून वापरा.' २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या जालन्याचा घाणेवाडी तलाव कोरडा पडलेला पाहिलेल्या माणसाला तुम्ही बाथटबशेजारी हे शिकवता! बिलावर जीएसटी लागला १८ टक्के, कारण खोली साडेसात हजारांच्या वरची. बियाण्याला जीएसटी शून्य, कीटकनाशकाला १८. खोली कोणत्या खात्यात मोडते, ते सरकारलाही उमगलेलं दिसतं.

'मग मालदीवला जायचं ना,' असं मुलगी म्हणाली. तिथली सी-प्लेनं दिवसाउजेडीच उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरलं तर पहिली रात्र मालेत, आणि सी-प्लेनचं भाडं बहुधा खोलीच्या दरात धरलेलंच नसतं. तुमचे भाऊबंद तिथेही कामाला आहेत म्हणायचे.

आता मुद्द्याचं. पंचतारांकित म्हणवून घ्यायचं तर पर्यटन मंत्रालयाच्या समितीकडून तपासणी करून घ्यावी लागते. बुटीक म्हणवून घ्यायला तुमच्यासारखा एक हात पुरतो. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलाने हा थाट गाजवला, तेव्हा निदान हॉटेल आधी बांधलं होतं आणि कौतुक मागून झालं.

माझ्या धंद्यात असं चालत नाही. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून हे गाव बियाण्यावर जगतं. कपाशीची पिशवी उलटून पाहा. लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, शुद्धता, उगवणशक्ती किमान किती टक्के, सगळं छापलेलं. १९६६ च्या बियाणे कायद्याने ते छापावंच लागतं. सरकारने प्रमाणित न केलेलं सत्यप्रत बियाणंसुद्धा हिरव्या लेबलाशिवाय विकता येत नाही. पुढच्या बाजूला बोंडांनी लगडलेल्या झाडाचं चित्र असतं, नाही कशाला म्हणू? आमचेही चित्रकार तुमच्याच शाळेतले. पण शेतकरी पिशवी उलटतो. आणि उगवलं नाही, तर तक्रार निवारण समिती शेतात येते, पंचनामा होतो, दुकानदाराला बोलावणं येतं. मी ते सगळं पाहिलेलं आहे. समितीपुढे 'मातीशी नातं सांगणारं बियाणं' असलं काही बोलून सुटका होत नाही.

तर तुमच्या वर्णनाच्या पाठीमागेही एक लेबल शिवा. हॉटेल कुठल्या किनाऱ्यावर, सूर्य कुठल्या बाजूला नि किती वाजता, ओहोटीला पाणी किती लांब जातं, आमच्या तारखांना भरती कधी, पाऊस कुठल्या महिन्यांत. जेट्टीपासून गाडी भाड्यात धरली आहे की नाही. तलाव लांबीला किती फूट. फोटो कुठे काढला. चाचणीची तारीख, म्हणजे तुम्ही स्वतः त्या खोलीत शेवटचे कधी झोपलात, तीही टाका. ती जागा रिकामी राहणार असेल, तर तसंच लिहा. सत्यप्रतला तेवढं पुरतं.

मंडळींनी पुढल्या सहलीसाठी लक्षद्वीपचं नाव काढलं आहे. तिथल्या एका हॉटेलाचं वर्णन मी वाचलं. 'क्षितिजाला मिठी मारणारी बाल्कनी' हे वाक्य तुमचंच ना?

उत्तर धाडायचं तर मृगाच्या आधी धाडा. एकदा पेरणी लागली की दुकानात रांग असते, आणि त्या दिवसांत मी फक्त पिशवीमागचं वाचतो.

आपला,
एक बियाणे विक्रेता
नवा मोंढा, जालना