आधी कळस, मग मशीन

हौसेने घड्याळ जोडणारा आणि फर्स्ट कॉपी विकत घेऊन मनगटावर चढवणारा, हे दोघे लग्नाच्या एकाच पंगतीत बसले तरी त्यांची जातकुळी वेगळी. विकत घेणाऱ्याची इच्छा साधी असते: बघणाऱ्याने घड्याळ खरे समजावे आणि विषय तिथेच मिटावा. जोडणाऱ्याचे तेवढ्यावर भागत नाही. बघणाऱ्याने आधी फसावे, मग त्याला खरे काय ते सांगावे आणि मग त्याने घड्याळ पुन्हा हातात घेऊन दुप्पट कौतुकाने न्याहाळावे, अशी त्याची अपेक्षा असते. पहिला जन्मभर गुपित सांभाळतो. दुसऱ्याच्या पोटात ते जिलबी वाढून होईपर्यंतही टिकत नाही.

त्याचे वय साधारण पंचवीस ते चाळीस असते. शिक्षण आयटीआयचे किंवा डिप्लोमाचे. नोकरी असलीच तर पलूस-किर्लोस्करवाडीच्या बाजूला एखाद्या वर्कशॉपात, नसली तर घरचा ऊस. तो घड्याळ ‘घेतो’ असे कधी म्हणत नाही. ‘बिल्ड लावलाय’ म्हणतो, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला स्लॅब पडल्याचा भास व्हावा.

नकलेचा इतिहास त्याला तोंडपाठ असतो. कुणी आरोप करण्याआधीच तो बचाव मांडायला घेतो, आणि खरे सांगायचे तर बचाव भक्कम आहे. आज ज्या स्विस घड्याळांची नक्कल होते त्या स्विसांनीच हा धंदा पूर्वी मनापासून केला. अठराव्या शतकात तिकडच्या कारागिरांनी स्वस्त घड्याळांवर लंडनच्या घड्याळजींची नावे घालून माल खपवला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी घड्याळांना भाव आला, तेव्हा त्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे कोरलेली स्विस घड्याळे अटलांटिक ओलांडून गेली. आपल्याकडचा वारसाही कमी नाही. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरात घड्याळे काढायला सुरुवात केली. त्याआधी आणि नंतरही बराच काळ वेस्ट एंड, फेवर ल्युबा अशी घड्याळे घराघरात दुरुस्त होत होत दोन-दोन पिढ्या चालली. सहज नवे मिळत नसे, म्हणून जुने मरू दिले जात नसे. त्यातूनच मुंबईच्या कारागिरांचा एक उद्योग उभा राहिला: झिजलेली डायल खरवडून पुन्हा रंगवायची, मिळेल त्या काट्यांशी आणि मिळेल त्या मशीनशी तिचे लग्न लावायचे आणि घड्याळ पुन्हा बाजारात आणायचे. कंपनीने स्वप्नातही न काढलेल्या पोपटी, शेंदरी, मोरपंखी डायलची ही घड्याळे थेट परदेशातल्या संग्राहकांपर्यंत पोचली. त्यांना तिकडे ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हा शब्द संग्राहक नवख्याला सावध करण्यासाठी वापरतात; जोडणारा तोच शब्द घराण्याच्या नावासारखा उच्चारतो.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात हा नमुना अधिक खुलतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण ताबूत. मोहरमला इथे शंभर फुटांच्या पुढे जाणारे ताबूत उभे राहतात. त्यांत हिंदूंचेही असतात, मुसलमानांचेही, आणि त्यांच्या भेटी बघायला आसपासची गावे लोटतात. ताबूत ही करबलाच्या इमाम हुसेन यांच्या कबरीची प्रतिकृती, पण तिला आजवर कुणी नक्कल म्हटलेले नाही. अष्टकोनी मजल्यांची ही बांधणी इथे ‘आधी कळस, मग पाया’ अशी होते, आणि गावाला तिचा रास्त अभिमान आहे. जोडणाऱ्याने ही रीत जशीच्या तशी उचलली आहे. शहाणा कारागीर आधी मशीन निवडतो, मशीनला बसेल अशी केस घेतो आणि मग डायल बघतो. हा आधी डायल मागवतो. कारण बाराच्या जागेवरचा रोलेक्सचा तो पाच टोकांचा मुकुट डायलवर असतो. मुकुट पार्सलने हातात आला की त्याच्याखाली काय घालायचे याचा शोध सुरू होतो, आणि तो वर्षभर पुरतो.

सर्वांत लोकप्रिय बेत रोलेक्स सबमरीनरचा. मूळ घड्याळ १९५३ चे, पाणबुड्यांसाठी केलेले. मशीन म्हणून बहुधा सीकोचे ‘एनएच ३५’ येते, कारण ते कुणालाही सुटे विकत मिळते: २४ खडे, आपोआप चावी भरणारे, तारीख दाखवणारे, गरीब आणि कष्टाळू. त्याला साडेअठ्ठावीस मिलिमीटरची डायल बसते. अडचण डायलच्या पायांची. डायलच्या पाठीला दोन बारीक पाय असतात आणि ते मशीनच्या भोकांत बसावे लागतात. डायल एका मशीनसाठी केलेली आणि मशीन दुसरेच आणले, तर पाय भलतीकडे येतात. मग जोडणारा ते कापतो आणि डायल दुहेरी चिकटपट्टीवर बसवतो. हा प्रसंग तो सांगतो तेव्हा डॉक्टरने नाइलाजाने केलेल्या शस्त्रक्रियेचा गंभीरपणा त्याच्या चेहऱ्यावर असतो.

पुढचा घोटाळा काट्यांचा. जातिवंत स्विस ‘ईटीए २८२४’ मशीनसाठी केलेले काटे एनएचवर घालायचे म्हटले तर तास काटा बसतो, मिनिट काटाही बसतो. सेकंद काट्याचे भोक मात्र ०.२५ मिलिमीटरचे आणि खुंटी ०.२० ची. पाच शतांश मिलिमीटरच्या या फरकावर जोडणाऱ्याचा अख्खा उन्हाळा जातो. सैल काटा बारापासून सहापर्यंत उतरणीला झोकात येतो आणि सहानंतर चढण लागली की थांबतो. मशीन आत चालूच असते, काटा मात्र उसाने भरलेल्या गाडीच्या बैलासारखा घाटाच्या पायथ्याशी उभा.

काम रात्री चालते. कारण दिवसा धूळ. फडात पाचट पेटवले की काळी काजळी उडून अर्ध्या गावाच्या वाळवणांवर बसते, आणि एक कण जरी काचेखाली गेला तरी भिंगातून तो ढेकळाएवढा दिसतो. म्हणून जोडणारा मच्छरदाणी लावून आत बसतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, बोटांना रबरी टोप्या, शेजारी हवा मारायचा फुगा. बाहेरून बघणाऱ्याला तो आजारी वाटतो आणि आई ‘जेवला नाहीस का रे’ विचारत पंखा लावते. पंख्याच्या पहिल्याच झोताने मिलिमीटरभराचा स्क्रू उडतो.

मग शोध. फरशी झाडली जाते, गोधडी झटकली जाते, आणि शेवटी जुन्या स्पीकरचे लोहचुंबक जमिनीवरून फिरवले जाते. स्क्रू सापडतो. त्याबरोबर तीन टाचण्या, एक शिलाईची सुई आणि मागच्या वर्षी हरवलेला स्क्रूही सापडतो. या आनंदात चुंबक टेबलावर घड्याळाशेजारी राहते आणि सकाळी घड्याळ तासाला कित्येक मिनिटे पुढे धावू लागते. कारण साधे आहे. बॅलन्सच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला चुंबकत्व चढले की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स लगबगीने हलतो. उपाय म्हणजे चुंबकत्व उतरवायचे छोटे यंत्र. बटण दाबायचे, घड्याळ सावकाश दूर न्यायचे, झाले. पण हे कळेपर्यंत जोडणाऱ्याने स्प्रिंगला हात घातलेला असतो, आणि स्प्रिंगला एकदा हात घातला की पुढचे सांगलीचा घड्याळजीच बघतो. तो घड्याळजी ‘कुणी उघडलं होतं?’ एवढेच विचारतो. जोडणारा ‘मित्राचं आहे’ म्हणतो.

ठोक्यांची चिंता वेगळीच. बॅटरीच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एकदा उडी मारतो, जुन्या एचएमटी ‘जनता’चा पाच वेळा, एनएच ३५ चा सहा वेळा आणि खऱ्या सबमरीनरचा आठ वेळा. सहा आणि आठ यांतला फरक निरोगी माणसाला दिसत नाही. जोडणाऱ्याला दिसतो, आणि एकदा दिसला की रात्री डोळे मिटल्यावरही दिसतो. तारखेवरचे भिंग हे दुसरे दुखणे. मूळ भिंग तारीख अडीचपट मोठी करते; स्वस्त प्रतींत ती जेमतेम दीडपट होते. या एका पटीसाठी तो काच तीनदा बदलतो. घरातले कुणीही तारीख भिंतीवरच्या महालक्ष्मी कॅलेंडरात बघते, ही गोष्ट त्याच्या हिशेबात येत नाही.

एवढे सगळे करून घड्याळ मनगटावर येते आणि खरी पंचाईत सुरू होते: गावात प्रेक्षक नाही. नकलेला दाद मिळायची तर बघणाऱ्याला अस्सल माहीत असावे लागते. इथल्या पोरांना रोलेक्स हे नाव माहीत असते ते २०२२ च्या ‘विक्रम’ या तमिळ चित्रपटातल्या खलनायकामुळे. त्यामुळे जोडणारा आधी अस्सल घड्याळाची ओळख करून देतो, त्याचे दर सांगतो, फोनवर फोटो दाखवतो, आठ ठोके, १२० खटके घेत एकाच बाजूला फिरणारी कडी, सगळे समजावतो. आणि समोरच्याच्या मनात पुरेसा आदर निर्माण झाला की मनगट पुढे करतो. मूळ कंपनीची इतकी निष्ठावान जाहिरात बिनपगारी कुणी करत नसेल. ऐकणारा मोटार चालू करायला उठता उठता विचारतो, ‘आन ह्ये केवड्याला पडलं?’ आकडा ऐकून तो म्हणतो, ‘एवढ्यात टायटन आली असती की. गॅरंटीसकट.’

हा नमुना कडेगावात खुलण्याचे दुसरे कारण याहून अवघड आहे. विटा, खानापूर, आटपाडी, कडेगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत शिरले की मूस, भट्टी, तेजाबाचा वास आणि या भागातली बोली एकत्र सापडते. सोन्याचांदीतली भेसळ जाळून शुद्ध धातू वेगळा काढणे हेच त्यांचे आयुष्य. जोडणाऱ्याच्या घरात असा एक मामा असतोच, आणि तो यात्रेला येतोच. सोनेरी-रुपेरी दुरंगी चेनचे घड्याळ त्याच्या हातात पडले की तो डायलकडे बघतच नाही. तळहातावर चेन दोनदा वर-खाली करतो.

‘पोकळ हाय,’ मामा म्हणतो. ‘आन ह्यो पिवळा भाग किती टंच?’

‘मामा, प्लेटिंग आहे ते.’

‘मंग टंच न्हाई. रंग हाय.’

एवढे बोलून मामा घड्याळ परत देतो. त्यानंतर जोडणारा दुरंगी घड्याळाच्या वाटेला जात नाही. निव्वळ पोलादावर येतो. पोलादातही ३१६ एल आणि ९०४ एल असा भेद निघतो (रोलेक्स दुसरे वापरते), पण तो टंच तपासण्याची सोय मामाच्या भट्टीत नाही, ही समाधानाची बाब.

वेळ दाखवणे हा घड्याळाचा उपयोग गौण असला तरी नोंदवायला हवा. एनएच ३५ दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे चालले तरी कारखान्याच्या हिशेबाने ते ठीक. रोलेक्स स्वतःला दोन सेकंद मागे-पुढे एवढीच सूट देते. जोडणारा फोनवरच्या अॅपने ठोके ऐकत, नियामकाची दांडी केसभर सरकवत दिवसाला पाच सेकंदांपर्यंत येतो. आणि ही खरोखर कसबाची गोष्ट आहे, हसण्यावारी न्यायची नव्हे. डायलवर मात्र ‘१००० फूट = ३०० मीटर’ असे छापलेले असते. कडेगाव तालुक्यात एवढ्या खोलीवर पाण्याशी गाठ पडलीच तर ती बोअरवेलमध्ये, आणि तिचे तोंड मनगट जाईल एवढेच. प्रत्यक्षात पावसाचा पहिला थेंब पडताच घड्याळ काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात, अशी व्यवस्था असते. फिरती कडी पाण्याखालची मिनिटे मोजण्यासाठी असते. इथे ती टेंभू उपसा योजनेच्या पाण्याची पाळी मोजते, आणि ते काम चोख करते.

कायद्याची बाजू थोडक्यात. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार खोटे चिन्ह लावणे किंवा तसा माल विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. आयात होणारा बनावट माल अडवण्यासाठी सीमाशुल्क खात्याचे २००७ चे स्वतंत्र नियम आहेत. मुकुटाचे पार्सल महिनाभर आले नाही की जोडणारा पहिल्यांदा हे नियम मुळातून वाचतो. वाचून झाल्यावर तो काही दिवस कुणालाच घड्याळ दाखवत नाही. स्वभाव बघता ही त्याला शिक्षाच म्हणायची.

यातूनच काहींची पुढची अवस्था येते. कुणाचे नाव न चोरता सीकोच्याच पाणबुडी घड्याळाचे काटे, काच, कडी बदलून नवे रूप द्यायचे, ही जगभर चालणारी वेगळी हौस आहे आणि तिच्यात लपवण्यासारखे काही नाही. जोडणारा तिकडे वळतो तो कोऱ्या, बिननावाच्या डायलसह. घरात चर्चा होते. बाराच्या जागी काय छापायचे? वडील आपले नाव सुचवत नाहीत, पण सुचवावे असे त्यांना वाटत असते. त्यांच्या हातात लग्नात मिळालेली एचएमटी ‘जनता’ असते, देवनागरी अक्षरांची, रोज सकाळी चावी द्यायची. बहीण म्हणते, कोरेच ठेव, तेच शोभते. पुढच्या यात्रेला मामा तेही घड्याळ तळहातावर तोलतो, चेन भरीव आहे एवढे कबूल करतो, आणि नाव कुठे आहे ते विचारतो.

नाव अजून ठरलेले नाही. डायलचे पाय मात्र याही वेळी कापावे लागले, कारण नव्या केसची चावी तीनऐवजी चारच्या बाजूला आहे.