जिभेला कळणारे दगड

सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दगड चाटत होते. भंडारा जिल्ह्यातला कोरडा ओढा, एप्रिलची दुपार, सरांच्या डोक्याला ओला पंचा. मी नवी कोरी हातोडी आणि एमएस्सीचा पहिला वर्ग घेऊन समोर उभा. "राजा, दगड ओला झाल्याशिवाय बोलत नाही," ते म्हणाले, "आणि पिण्याचं पाणी त्याच्यावर वाया घालवायचं नाही." मातकट दगड जिभेला चिकटला, तर त्यात चिकणमातीची खनिजं असणार, हेही त्यांनीच सांगितलं. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं असावं; मी त्या दिवशी गैरहजर असणार.

त्या जिल्ह्यात कायनाइट सापडतं. निळसर, पात्यासारखं खनिज. लांबीच्या दिशेनं चाकूनं ओरखडा उठतो, आडव्या दिशेनं त्याच चाकूला दाद देत नाही. सर म्हणायचे, "आपल्या हेडऑफिससारखं आहे. कुठून घासायचं ते कळलं पाहिजे."

मँगनीजच्या पट्ट्यात ते जास्त रमत. तिथला गार्नेट आणि क्वार्ट्‌झचा एक खडक जगभरच्या पुस्तकांत 'गोंडाइट' म्हणून ओळखला जातो. फर्मर या इंग्रज भूवैज्ञानिकानं गोंडांवरून ते नाव दिलं. भारतातल्या मँगनीजवरचा त्याचा जाडजूड ग्रंथ १९०९ सालचा. ज्यांचं नाव दगडाला दिलं त्यांना कुणी सांगितलंच नाही, याची सरांना चुटपुट. म्हणून गोंड म्हातारा भेटला की जीप थांबवून ते दगड दाखवत आणि सांगत. एका आजोबांनी दगड हातात फिरवला, परत दिला आणि विचारलं, "मंग पैसे कोनाले भेटते जी याचे?" सरांनी मुकाट्यानं तंबाखूची डबी पुढे केली.

नागपूरजवळ कुही-खोबन्याच्या बाजूला टंगस्टन आहे. त्याचं एक खनिज शीलाइट. दिवसा ते क्वार्ट्‌झमध्ये बेमालूम लपतं, पण रात्री अतिनील दिवा धरला की निळसर पांढरं चमकतं. म्हणून आम्ही काळोख्या रात्री दिवा घेऊन निघायचो आणि गावातली कुत्री आम्हाला चोर समजून शिवेपर्यंत पोचवायची. एकदा मला दगडाच्या कडेला झकास चकाकी दिसली. किंचित हिरवट होती, पण उत्साहात रंग कोण बघतो? हात पुढे केला, तोच सरांनी मनगट धरलं. चकाकी दोन पावलं सरकली. शेपटी वर. "राजा, विंचूही चमकतो," सर म्हणाले. "नमुन्याच्या पिशवीत घालायच्या आधी खनिजाला पाय आहेत का ते बघावं." पुढचे सहा महिने कॅम्पवर माझं नाव 'टंगस्टन' होतं.

लोकांना वाटतं, आम्ही खनिजं शोधतो. खरं तर आम्ही बहुतेक वेळा ती कुठे नाहीत ते शोधतो. एका बोअरवर महिनाभर गेला. कोअरची पेटी उघडावी, तर आत तोच राखाडी शिस्ट. गावकरी रोज येऊन विचारायचे, "सोनं निघालं का जी?" शेवटच्या पेटीची नोंद मी दोन ओळींत उरकली. सरांनी वही परत केली. "खनिज लागलं असतं तर चार पानं लिहिली असतीस ना? याचीही लिही. उद्या दुसरा कुणी याच जागी भोक पाडायला येईल, त्याचा महिना वाचेल." कंदिलाच्या उजेडात चार पानं लिहिली. मनात शिव्या होत्या, पण अक्षर चांगलं आलं.

सर गेले त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या घरी गेलो. काकू स्वयंपाकघरात होत्या. लिंबाच्या लोणच्याच्या बरणीत एक गुळगुळीत दगड दाबून ठेवलेला. त्यावर पांढऱ्या रंगातला नमुन्याचा नंबर अर्धा पुसलेला, पण अक्षर सरांचंच. "कसला आहे हो हा? वीस वर्षं झाली, कधी विचारलंच नाही मी," काकू म्हणाल्या.

मी दगड खिडकीशी नेला, भिंग काढलं. काही उमजेना. आणि कधी तोंडाशी गेला ते माझं मलाच कळलं नाही.

खारट. मग आंबट. मग सणसणीत तिखट.

"अहो, धुवून तरी घ्या," काकू म्हणाल्या, "ते निदान धुवायचे."