आमच्या एसीच्या क्लचवरील उपकारांबद्दल

सन्माननीय मिस्त्रीसाहेबांस,
कोपरापासून नमस्कार वि. वि.

ऐन मे महिन्यात, एसी बंद असतानाही आमच्या गाडीच्या कॉम्प्रेसरची पुली किंचाळत होती. "बेअरिंग गेलंय, क्लच उतरवाय लागतोय बघा," असे आपण बॉनेट उघडताच सांगितलेत. निदान अचूक होते. ही स्तुती आधीच उरकून घेतो.

मधला नट सोडवायचा, पुलर लावायचा आणि पुढची प्लेट सरळ ओढून घ्यायची, ही भित्र्या माणसांची रीत. आपण प्लेटमागे दोन स्क्रूड्रायव्हर खुपसून हातोडा चालवलात. प्लेट आली, पण वाकून आली. थोरांपुढे कसे यावे हे तिला कळते.

तिच्यामागे ते कागदासारखे पातळ वायसर होते, ज्यांना शिम म्हणतात. आपल्या पोराने ते झाडून काढले. कृपाच झाली. प्लेट आणि पुली यांच्यातली साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट राखण्यापलीकडे त्यांना काय काम होते? फट वाढली तर कॉइलच्या चुंबकाला प्लेट ओढवत नाही, घटली तर प्लेट घासून तापते. आपण आम्हाला दोन्ही सुखे एकाच वेळी दिलीत. वाकडी प्लेट एका अंगाला घासते आणि दुसऱ्या अंगाला पोचतच नाही.

पुली जागेवर धरून ठेवणारी सर्कलिप उडून कुठे गेली, हे मी विचारत नाही.

क्लच गॅसच्या मार्गाबाहेर असतो; त्यासाठी पाइप सोडायची गरज नसते. तरीही आपण सोडलात आणि सगळा गॅस फुस्सकन कोल्हापूरच्या हवेत गेला. हा आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक तापमानवाढ करतो म्हणतात. उकाडा वाढल्याखेरीज गिऱ्हाइकाला एसीची किंमत कळणार कशी? पुढे 'गॅस भरणे' ही रक्कम बिलात पाहून आपल्या धंद्याची चाके किती छान एकमेकांत अडकली आहेत, तेही समजले.

एकच शंका. ज्या गावात यंत्रमहर्षी म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेतात, जिथे शिवाजी उद्यमनगरात चहा येईपर्यंत टर्नर लेथवर बोल्टाला हवे ते आटे पाडून देतो, तिथे आपल्याकडे एक पुलर नसावा? साधा बोल्ट आणि चार आट्यांचे काम आहे हो. बाहेरगावचे लोक कामे घेऊन इथे येतात, आणि आपण इथेच राहून हातोड्यावर निष्ठा ठेवलीत.

"एसी कशाला पायजे, काचा खाली करा की," हा आपला शेवटचा सल्ला शिरसावंद्य.

म्हणून आम्ही काही गिऱ्हाइकांनी आपला जाहीर सत्कार योजला आहे. शाल, श्रीफळ आणि उद्यमनगरातून खास बनवून घेतलेला पुलर, आपले नाव कोरून. सोयीचा वार कळवावा. हातोडा तेवढा गॅरेजवर ठेवून यावे. नारळ फोडायचा नाही, हातात द्यायचा आहे.

आपला चिरऋणी
(बिल पाहता, खरोखरच)
एक गिऱ्हाईक