पत्ता बदलला की क्लब हरतो

2011 साली ब्राझीलमध्ये मैदानावर सर्वाधिक सरासरी गर्दी कोणत्या क्लबाने खेचली? फ्लामेंगोने नाही. त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या कोरिंथियान्सनेही नाही. ती खेचली रेसिफे शहरातल्या सांता क्रूझने, आणि तेव्हा तो खेळत होता चौथ्या श्रेणीत.

ईशान्य ब्राझीलमधल्या पेर्नाम्बुको राज्याचा हा क्लब 2006, 2007 आणि 2008 अशा लागोपाठ तीन हंगामांत तीन पायऱ्या घसरला होता. तरी वर चढण्याच्या निर्णायक सामन्याला त्याच्या अरुडा मैदानावर जवळजवळ 60 हजार माणसं होती. जिंकणाऱ्याच्या मागे जग धावतं. इथे लोक हरणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिले, आणि तेही तिकीट काढून.

या मायेचं मूळ क्लबाच्या जन्मात आहे. 1914 साली बोआ व्हिस्टा भागात सांता क्रूझ चर्चसमोरच्या पटांगणात खेळणाऱ्या, मिसरूडही न फुटलेल्या पोरांनी तो काढला. शहरातले दुसरे दोन मोठे क्लब त्याहून जुने. 1901 चा नाउटिको नौकांच्या शर्यतींतून आला, 1905 चा स्पोर्ट इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या तरुणाने उभारला. शेजारच्या पाउलिस्ता गावात कापडगिरणीतल्या लोकांचा ईबिस आहे. 1980 च्या दशकात हा संघ जवळजवळ चार वर्षं एकही सामना जिंकला नाही आणि जगातला सर्वांत वाईट संघ ठरला. तरी तो बंद पडला नाही. त्याचे चाहते ती पदवी छातीवर मिरवतात.

अशा राज्यात 2014 च्या विश्वचषकासाठी सरकारने काय केलं? रेसिफेबाहेर, साओ लोउरेंसो दा माता इथे 50 कोटींच्या आसपास रेआल ओतून नवं कोरं स्टेडियम बांधलं. भोवती नवं शहर उभं राहील, असं सांगितलं. शहर उभं राहिलं नाही. विश्वचषकाचे पाच सामने झाले, पाहुणे गेले आणि 2016 मध्ये राज्य सरकारने बांधकाम कंपनीबरोबरचा करारही मोडला. शहरात तीन क्लबांची तीन मैदानं उभी असताना चौथं हवं कोणाला होतं? लोकांनी ते मागितलं नव्हतं.

त्याची किंमत नाउटिकोने मोजली. 2013 पासून त्याचे सामने त्या नव्या स्टेडियमवर होऊ लागले. त्याचं स्वतःचं आफ्लितोस मैदान भर वस्तीत आहे, चहूबाजूंनी उंच इमारती. सामना असला की लोक आपापल्या बाल्कनीतून डोकावतात. ते मैदान ओस पडलं. चाहत्यांना मेट्रो, मग बस, आणि रात्री उशिरा पुन्हा तीच फरफट. संघ तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. अखेर डिसेंबर 2018 मध्ये क्लब आफ्लितोसला परतला. पुढच्याच वर्षी याच मैदानावर पेनल्टींवर सामना जिंकून तो दुसऱ्या श्रेणीत गेला आणि तिसऱ्या श्रेणीचं विजेतेपदही त्याने पटकावलं. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. घरच्या मैदानाची ताकद दुसरीकडे हलवता येत नाही.

वस्तीतल्या मैदानांवर सगळंच गोड नाही. मे 2014 मध्ये, विश्वचषकाला महिना उरला असताना, अरुडाच्या वरच्या भागातून कुणीतरी संडासाचं भांडं खाली फेकलं आणि एका चाहत्याचा जीव गेला. चाहत्यांच्या टोळ्यांची ही गुंडगिरी ठेचलीच पाहिजे. पण जुनी मैदानं सुरक्षित करायला, नीट बंदोबस्त ठेवायला लागणारा पैसा त्याच वेळी शहराबाहेरच्या काँक्रिटमध्ये अडकला होता, हेही विसरता येत नाही.

विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठांत ब्राझीलचे पिवळे झेंडे चढतात. त्या पिवळ्या जर्सीतला 2002 चा विश्वविजेता रिवाल्डो सांता क्रूझमध्ये घडला. 1993 मध्ये बोलिव्हियाकडून हरून आलेला राष्ट्रीय संघ अरुडावर एकमेकांचे हात धरून उतरला आणि त्याच बोलिव्हियाला 6-0 ने लोळवलं. पुढच्या वर्षी विश्वचषक घरी आला. तालमींच्या संघांवर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको: राष्ट्रीय संघाची मुळं पेठेतच असतात.

ती मुळं आज पाण्याविना आहेत. राज्य स्पर्धा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत आटोपते. राष्ट्रीय श्रेणीत जागा मिळाली नाही, तर उरलेलं वर्ष जवळपास रिकामं. 2024 मध्ये खुद्द सांता क्रूझवर ही पाळी आली. इतका लोकप्रिय क्लब, आणि कोणत्याही राष्ट्रीय श्रेणीत नाव नाही. सामना नाही म्हणजे तिकीटविक्री नाही, खेळाडूंचे करार नाहीत, मैदानाबाहेर गाडी लावणाऱ्याची कमाईही नाही. सांता क्रूझ सावरला. 2025 मध्ये चौथ्या श्रेणीत येऊन त्याच वर्षी वर चढला. ईबिससारख्या छोट्या क्लबांना एवढा दम कुठून येणार?

म्हणून ब्राझीलच्या महासंघाकडे आणि राज्य सरकारकडे मागणं दोनच. छोट्या क्लबांना वर्षभर सामने द्या. आणि पुढचा पैसा वस्तीतल्या जुन्या मैदानांच्या डागडुजीवर खर्च करा. चौथ्या श्रेणीतल्या क्लबासाठी 60 हजार माणसं घराबाहेर पडतात. त्यांनी आपलं काम चोख केलं आहे. आता खुर्चीतल्यांनी आपलं करावं.