शेर, किलो आणि शेठजींचा नातू

काहो वहिनी, गाद्या उन्हात टाकल्या का? टाका, टाका, दिवाळीच्या आधी एक ऊन द्यावंच लागते. पण ह्या तर फोमच्या दिसून राहिल्या! खामगावात, कापसाच्या गावात राहायला आलात आणि गादी फोमची? माझी आजी असती तर तिने तुम्हाला भिंतीपलीकडूनच झापलं असतं.

आमच्या गल्लीत दिवाळीच्या आधी पिंजारी यायचा. खांद्यावर ती लांबलचक धनुकली. तात छेडली की आवाज थेट स्वयंपाकघरापर्यंत. अंगणात चादर अंथरून बसला की आम्हा पोरींना आत कोंडायचे, कारण रुई उडायला लागली की आम्ही तिच्यात नाचायचो. दुपारपर्यंत त्याच्या भुवया, मिशा, पापण्या सगळं पांढरं. वर्षभर दबून दबून गठुळा झालेला कापूस असा फुलायचा की त्याच खोळीत परत मावायचा नाही. आजी म्हणायची, ‘उरला तो फेकू नको वं, वाती होतीन.’

तुम्ही घाटावरच्या, मेहकरच्या. तुमच्याकडे शारंगधर बालाजी, तुमच्याकडे ना. घ. देशपांडे, वकिली करता करता कविता लिहिणारे. आम्हा घाटाखालच्यांना कविता कुठून सुचणार? आमच्याकडे सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, ‘आज भाव काय निघाला?’ मी शाळेत इतिहास शिकवायची, म्हणून जुनं गॅझेटियर चाळलं होतं. त्यात आहे की 1820 च्या सुमाराला चार-दोन व्यापाऱ्यांनी इथे दुकानं टाकली. तूप, सूत आणि थोडाफार कापूस, एवढाच धंदा. पुढे तिकडे अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला. आठ मैलांची लाइन, आणि ती सुरू करायला आले कोण, तर व्हाइसरॉय लॉर्ड मेयो! आता जालन्यापर्यंतच्या लाइनची वाट पाहता पाहता आमच्या तीन पिढ्या संपल्या, ते सोडा.

आमचं घर सराफ्याच्या मागे. गणपतीच्या मिरवणुकीत पहिला मान ज्या लाकडी गणपतीचा, त्याची अय्याची कोठी चार पावलांवर. दिवसभर चांदी ठोकण्याचा आवाज. त्याची इतकी सवय की दुपारी आवाज थांबला की पाळण्यातलं पोर जागं व्हायचं. समोर पिठाची चक्की, तिच्या बाजूला तेलीण मावशी, कोपऱ्यावर शेठजींचं किराणा दुकान. त्या शेठजींचंच तर सांगायला बोलावलं तुम्हाला.

दुकान म्हणजे काय, एक ओटा, त्यावर पांढरी गादी, लोड, आणि लाल कापडाच्या बांधणीच्या बह्या. डोक्यावर आड्याला पत्र्याचा डबा टांगलेला, त्यात सुताचा गुंडा, आणि डब्याच्या बुडाच्या भोकातून एक धागा खाली लोंबत असायचा. शेठजी न पाहता हात वर करायचे, धागा ओढायचे, साखरेच्या पुड्याला उभे-आडवे दोन वेढे, बोटावर एक पीळ, आणि झटका दिला की तुटला. कात्री नाही, गाठ नाही. तरी तो पुडा घरी येईपर्यंत सुटायचा नाही. मी पाटीवरची लेखणी बांधून तसा झटका द्यायचा प्रयत्न करायची, तर बोट कापायचं. पुडा हातात दिला की वर चार फुटाणे. त्या फुटाण्यांसाठी आम्ही भांडून सामान आणायला जायचो.

आता खरी गोष्ट ऐका. रस्त्यात कोणी नाही ना? मग जरा इकडे सरका.

1962 ला शेर गेला, किलो आला. माझी आजी शेवटपर्यंत शेरच मागायची. शेठजींनी काय केलं, भाव सांगायचे किलोचा आणि पारड्यात ठेवायचे जुना शेर. शेर म्हणजे 933 ग्रॅम. किलोमागे 67 ग्रॅम शेठजींच्या पदरात. तेलीण मावशीने एकदा गुळाची भेली आपल्या वजनांशी ताडून पाहिली आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं. आता तुम्ही म्हणाल, मग भांडण झालं असेल. कायचं भांडण! दुसऱ्या दिवशी तेलीण मावशीच पहिली गिऱ्हाईक.

काऊन, ते सांगते. माझे वडील जिनमध्ये कारकून. जिन दसऱ्याला सुरू व्हायचा, ऊन तापायला लागलं की बंद. पावसाळ्याचे चार महिने घरात दिडकी नाही. शेतकऱ्याचं तेच, पेरणीला पैसा गेला की सीतादही करून पहिली वेचणी होईपर्यंत हात रिकामे. त्या चार महिन्यांत आमची चूल कोणाच्या जिवावर पेटायची? शेठजींच्या. बहीत नाव लिहायचे, तारीख लिहायचे, तोंडातून शब्द नाही. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाची सून बाळंतीण आहे, डिंक-खोबरं किती लागेल, हे त्यांना त्या घरातल्या माणसाआधी माहीत. व्याज एक पैसा लावत नसत. ते 67 ग्रॅम म्हणजेच व्याज, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. आजी म्हणायची, ‘खाते तो, पन खाऊ बी देते.’

आणि हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोड गोडच होतं. फैलातल्या, म्हणजे दलित वस्तीतल्या बाया आल्या की त्यांना ओट्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. खाली रस्त्यावर उभ्या राहायच्या, पैसे फळीवर ठेवायच्या, आणि शेठजी त्यावर पाण्याचा हबका मारून मग उचलायचे. माल मात्र त्यांनाही त्याच हलक्या मापाने. तिथे भेदभाव नाही! काय एकेक जण आता ‘जुना जमाना लै चांगला होता’ म्हणतात, त्यांना मी विचारते, तू ओट्यावर होतास की रस्त्यावर?

हं, तर शेठजींना उधारी द्यायला पैसा यायचा अडत्याकडून. दसऱ्यानंतर बाजारात बैलगाड्यांची रांग लागायची, पार गावाबाहेरपर्यंत. रात्रभर गाडीखाली माणसं झोपलेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि सकाळी झाडाझुडपांवर, विजेच्या तारांवर कापसाचे पुंजके. अडत्या शेतकऱ्याला उचल द्यायचा, शेतकरी शेठजींना, शेठजी चक्कीवाल्याला, तेलिणीला. एकाच पैशाने सगळी गल्ली चालायची. मग 1972 ला सरकारची एकाधिकार खरेदी आली. खाजगी व्यापाऱ्याने कापूस घ्यायचा नाही, सगळा पणन महासंघाने घ्यायचा. शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणूनच काढली होती योजना, आणि अडत्यांनी काही कमी नाडलं नव्हतं त्याला. पण सरकारी पैसे यायचे हप्त्याहप्त्याने, आणि सरकारी केंद्र काही पोरीच्या लग्नाला उचल देत नाही. त्यात तेच दुष्काळाचं वर्ष. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, तिची भाकर थापताना आईच्या हातातच फुटायची आणि ती रडकुंडीला यायची. त्या वर्षी शेठजींची बही कोरी राहिली नाही म्हणा, पण उधारी फिटून पान मात्र पहिल्यांदाच उलटलं नाही.

आता लोक काय म्हणतात, मॉलने दुकानं खाल्ली, ऑनलाइनने खाल्ली. खोटं, साफ खोटं. खामगावात मॉल यायच्या कितीतरी आधी आमच्या गल्लीतल्या फळ्या लागल्या होत्या. दुकानं बापांनीच बंद केली! शेठजींचा मुलगा चौथीत असताना गादीवर बसून हिशोब करत होता, तर शेठजींनी कान धरून उठवला. ‘तू इथे नाही बसायचं. कॉलेजात जायचं.’ आणि कॉलेज तरी कोणतं, तर मुंबईच्या कापूस बाजाराचे राजे गोविंदराम सेकसरिया, त्यांच्या नावाचं. चक्कीवाल्याचा पोरगा हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात लागला, त्या दिवशी चक्कीवाल्याने सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पोरगा पिठाच्या धुळीतून सुटला म्हणून! तेलीण मावशीची नात नर्स झाली. ह्यात रडण्यासारखं काय आहे, सांगा. जो तो आपल्या लेकराला त्या ओट्यावरून खाली उतरवायलाच जन्मभर राबला.

ज्यांनी लेकरं बसवली, त्यांची टिकली. सराफ्यातल्या कारागिरांची घरं पाहा, दोन-दोन, तीन-तीन पिढ्या हातोडी सोडली नाही, म्हणून आज धनत्रयोदशीला कुठून कुठून लोक इथली चांदी घ्यायला येतात. शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा, त्यांनी स्टेशनावर सुरू केली, पुढच्या पिढ्यांनी तोच धंदा धरला. आता गाडी शेगावला थांबली की माणसं आधी कचोरी घेतात, मग गजानन महाराजांना हात जोडतात. मीही घेते, खोटं कशाला बोलू.

काय म्हणता, गॅसवर दूध आहे? बंद करून या, मी थांबते.

आलात? तर परवा मी मोठ्या देवीच्या दर्शनाला गेले होते, जलालपुऱ्यात. तुम्ही नवीन, तुम्हाला सांगते. सगळ्या देशात नवरात्र संपून देव्या विसर्जन होतात, आणि आमच्या खामगावात कोजागिरीला जगदंबा बसते, शांती उत्सव म्हणतात त्याला. गावाबाहेर गेलेली माणसं गणपतीला नाही आली तरी ह्यावेळी येतात. रांगेत उभं राहायचं आणि कोण किती जाड झालं, कोणाचे केस गेले ते पाहायचं. तर माझ्या पुढे एक पोरगा, गोरागोमटा, पुण्याचा दिसत होता. मागे वळून म्हणतो, ‘मॅडम, ओळखलं का?’ मी म्हटलं, नाक ओळखलं. शेठजींचं नाक! नातू निघाला.

रांग संपली तरी सोडेना. म्हणे, दुकान दाखवा. नेलं. तिथे आता मोबाइलचे कव्हर मिळतात. त्याने ओट्याचा फोटो काढला, आड्याचा फोटो काढला, धाग्याचा डबा कुठे टांगला होता ते मला विचारून विचारून त्या रिकाम्या जागेचाही फोटो काढला. मग मोबाइलवर मला त्याच्या पुण्याच्या घरातला हॉल दाखवला. भिंतीवर, चांगला दिवा-बिवा लावून, आजोबांचा पितळी काटा टांगला आहे. लखलखीत घासून. आणि त्याखाली इंग्रजीत काहीतरी लिहून घेतलेलं, इमानदारी-बिमानदारी. मला म्हणतो, ‘आजोबा नेहमी सांगायचे, आपला काटा कधी खोटा बोलला नाही.’

मी म्हटलं, ‘नाही रे बाबा. तुझ्या आजोबांचा काटा एकदम खरा होता.’

काऊन हसता? काटा खराच होता! वजनांचं त्याने विचारलं नाही, मग मी कशाला सांगू? तुम्हीही काही बोलू नका बरं. उद्या येऊन राहिला तो माझ्याकडे, बायकोला घेऊन, पिंजाऱ्याचं ऐकायचं आहे म्हणे. तुम्हीपण या चहाला. आणि त्या गाद्या उलट्या करा, एका बाजूनेच तापून राहिल्या.