बाणबहाद्दर

इंदापूरहून सकाळच्या एसटीने बारामतीला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांत एक बाणबहाद्दर हमखास सापडतो. मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, पाठीवर सॅक, सॅकमध्ये इस्त्रीसारखा तापणारा लॅपटॉप आणि त्यात ओपनफोम नि पॅराव्ह्यू. दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोम शिकायची सोयही फुकट करून ठेवलेली. त्यामुळे घरच्यांना खर्च असा दिसत नाही. जातो तो वेळ.

प्रवाहाचं गणित ओपनफोम सोडवतं. कुठल्या बिंदूला वेग किती नि दिशा कोणती, हे बाण काढून दाखवायचं काम पॅराव्ह्यूचं. नवशिक्याचं पहिलं उदाहरण ठरलेलं: १० सेंटिमीटरची चौकोनी पेटी. वरचं झाकण सेकंदाला १ मीटर वेगाने सरकतं आणि आतला द्रव गोल फिरतो. पेटीची जाळी २० गुणिले २०, म्हणजे ४०० घरं. गणित चहा येण्याआधी संपतं आणि बहाद्दराचा खरा प्रोजेक्ट सुरू होतो.

पॅराव्ह्यूच्या बाणाचं टोक मुळात ६ बाजूंचं असतं. तांदळाएवढ्या बाणाच्या बाजू कोण मोजणार? हा मोजतो. ६ चे २४ करतो. टोकाची लांबी ०.३५ ची ०.४, दांड्याची त्रिज्या ०.०३ ची ०.०२, आणि जेवून आल्यावर पुन्हा ०.०३. मग रंग. चांगला निळा-लाल पट्टा काढून तो इंद्रधनुष्य लावतो. इंद्रधनुष्याचा पट्टा फसवा आहे, असं बोरलँड आणि टेलर या संशोधकांनी २००७ मध्ये लेख लिहून बजावलं होतं. पण व्हायवाला बोरलँड थोडेच येणार?

यंदा त्याने प्रोजेक्टला नीरा डावा कालवा घेतला. कालवा इंग्रजी अमदानीतला, पाण्याचा वाद मात्र दर आवर्तनाला ताजा. सुट्टीत त्याने आजोबांना चित्र दाखवलं. बाणांची लांबी वेगाच्या मापात होती. कालव्याच्या दाराशी हे लांबलचक बाण, शेवटाकडे नुसते ठिपके.

“आपली चारी कुठंय?”

त्याने ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“बरोबर हाय. टेलला एवढंच येतं.”

वेग वेगळा नि विसर्ग वेगळा, हे सांगायला त्याने तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं. उलट आजोबांना बरं वाटावं म्हणून लांबीचं माप बंद केलं. क्षणात सगळे बाण एका लांबीचे, टेलचेही टुमटुमीत. आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“हे कागदावरचं पाणी झालं.”

पोस्टरवर अर्थातच हेच चित्र छापलं गेलं. तसं पाहिलं तर ते खोटं नाही. एका लांबीच्या बाणांत दिशा स्वच्छ दिसते आणि दारामागे संथ फिरणारा भोवराही, जो मापातल्या चित्रात ठिपक्यांत हरवतो. फक्त वेग रंगावरून वाचायचा असतो, आणि त्यासाठी शेजारी आकड्यांची पट्टी लागते. ती बहाद्दराने काढून टाकली होती. बाणांच्या मध्ये येत होती म्हणे.

तेव्हा प्रदर्शनात असं पोस्टर दिसलं, तर ‘वा’ म्हणण्याआधी बाणांची लांबी कशावरून ठरवली, एवढं विचारा. तो खूश होऊन अर्धा तास सांगेल. तेवढा वेळ हाताशी ठेवून जा.