उत्तेजनार्थ

महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्रश्नावर प्रस्तुत लेखकाचं मत तयार असतं. पुष्कळदा प्रश्नच तयार व्हायचा बाकी असतो. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 ला निघाला, तेव्हा दुपारच्या चहापर्यंत त्याचं मत ठरून, बोलून आणि थोडंसं बदलूनही झालं होतं. जूनअखेरीस सरकारने माघार घेतली तेव्हा तो कॅन्टीनमध्ये असा काही वावरत होता, की पाहणाऱ्याला वाटावं, मुख्यमंत्र्यांनी निर्णय रद्द करण्यापूर्वी याला फोन केला असणार.

संस्कृतीच्या बाबतीतही तेच. 2022 मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायकीची नाही असं ठरवलं आणि करंडक कुणालाच दिला नाही. 1963 पासून चालत आलेली स्पर्धा. भरत नाट्य मंदिरात ‘आव्वाज कुणाचा’ म्हणत छप्पर उडवायला आलेली पोरं. आणि निकाल काय, तर कुणाचाच नाही! पुण्यात आठवडाभर वाद पेटला. प्रस्तुत लेखक तेव्हा बारावीत होता आणि त्याने त्या वर्षीची एकही एकांकिका पाहिली नव्हती. त्यामुळे त्याच्या मतावर कुठलंही दडपण नव्हतं. परीक्षक बरोबर होते असं तो पहिले दोन दिवस म्हणत होता. तिसऱ्या दिवशी समोरचाही तेच म्हणाला, तेव्हा नाइलाजाने त्याला बाजू बदलावी लागली.

बाजू बदलण्यावरून आठवलं: लेखक राज्यशास्त्र घेऊन बीए करतो. या राज्यात, या काळात, हा विषय घेणं किती जिवावरचं काम आहे हे कॉमर्सवाल्यांना कळायचं नाही. त्यांच्या ताळेबंदाच्या दोन बाजू निदान जुळतात तरी. इथे पक्षांतरबंदीचा धडा आहे. दहावी अनुसूची, 52 वी घटनादुरुस्ती, 1985. मूळ तरतुदीत एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ म्हणून माफ होती. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी वाट राहिली. हे सगळं सरांच्या नोट्समध्ये आहे. या नोट्स झेरॉक्सच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स असल्यामुळे त्यांतला ‘पक्ष’ जागोजागी ‘पक्षी’ दिसतो. त्या मुळात 2003 च्या आधीच्या असाव्यात, कारण ‘एक तृतीयांश’वर कुण्या जुन्या विद्यार्थ्याने निळ्या पेनाने काट मारून ‘दोन’ केलं आहे. त्याच्या शेजारी, वेगळ्या अक्षरात, समासात तीन शब्द आहेत: सुरत, गुवाहाटी, गोवा. आणि खाली पेन्सिलने: ‘हे पेपरात लिहायचं का?’

या प्रश्नाचं उत्तर कुणीच देत नाही. शिवसेनेतल्या या बंडावर सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला मोठा निकाल दिला आणि अपात्रतेचा चेंडू विधानसभा अध्यक्षांकडे टोलवला. अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 ला शिवसेनेच्या आणि पुढच्याच महिन्यात राष्ट्रवादीच्या प्रकरणात निवाडा केला. दोन्ही वेळा दोन्ही गटांतलं कुणीही अपात्र ठरलं नाही. म्हणजे पक्ष फुटला, चिन्हाचा निकाल लागला, सरकार गेलं, सरकार आलं. पक्षांतर मात्र कुणीच केलं नाही. आता ‘पक्षांतरबंदी कायद्याच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करा’ या दहा गुणांच्या प्रश्नात काय लिहावं? लेखकाने एकदा खरं काय ते लिहिलं. चार मिळाले. त्याच्या पुढच्या बाकावरच्या मुलीने हरियाणाच्या 1967 च्या गयालालपासून सुरुवात करून 2003 ला उत्तर संपवलं. तिला आठ मिळाले. कुठे थांबायचं हे तिला कळतं.

तर एवढी राजकीय समज असलेल्या माणसाने कॉलेजची निवडणूक लढवायला नको का? नको. कारण निवडणूकच नाही.

ही गोष्ट लेखकाला खरोखर डाचते. इतकी, की यावर बोलताना त्याला विनोद सुचत नाहीत आणि मित्र घड्याळ बघायला लागतात. 1989 या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं, आणि मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यातल्या महाविद्यालयीन निवडणुका बंद झाल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने तोडगा काढला: वर्गात ज्याला जास्त मार्क, तो प्रतिनिधी. म्हणजे देशाचा पंतप्रधान ठरवायची अक्कल अठराव्या वर्षी येते, पण वर्गाचा प्रतिनिधी कोण हे मात्र गुणपत्रिकेनेच ठरवायचं. 2016 च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. 2019 मध्ये त्यांचं वेळापत्रकही लागलं. मग विधानसभा निवडणूक आली म्हणून त्या पुढे ढकलल्या, मग करोना आला, मग कुणाला आठवण राहिली नाही.

नियम मात्र तयार आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने 2006 मध्ये ते सुचवले. उमेदवाराची हजेरी 75 टक्के हवी. त्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. खर्च पाच हजारांच्या आत. छापील पोस्टर चालणार नाही, हाताने रंगवलेलंच हवं. विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांपर्यंत खर्च करता येतो आणि त्याची हजेरी कुणी विचारत नाही. लेखकाला नुकतंच एकविसावं लागून सरलं. वयाच्या हिशेबाने तो पुणे महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहू शकतो. कॉलेजात जीएस व्हायला मात्र त्याला मार्ग नाही. अर्थात महापालिकेतही मार्च 2022 मध्ये मुदत संपल्यावर थेट जानेवारी 2026 पर्यंत निवडणूक नव्हती. त्याची जवळजवळ सगळी पदवी नगरसेवकाविना पार पडली. त्या काळात रस्ते जसे होते तसेच राहिले, या निरीक्षणातून काय निष्कर्ष काढायचा यावर त्याची दोन मतं आहेत.

सीआर तेवढा तो आहे. नेमणूक अशी झाली: ‘वर्गप्रतिनिधी कोण होतंय?’ असं मॅडमनी विचारलं त्याच क्षणी पंखा बंद करू का म्हणून त्याने हात वर केला होता. पदाच्या जबाबदाऱ्या तीन. खडू आणणे, हजेरीचा कागद फिरवणे आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आज लेक्चर आहे का?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ असं उत्तर देणे. घरी मात्र आईने नातेवाइकांत ‘कॉलेजात निवडून आलाय’ असं सांगून ठेवलं आहे आणि त्याने ते अजून खोडून काढलेलं नाही.

राजकारणाची वाट बंद झाली की मराठी मुलगा बोलायला लागतो. म्हणजे स्पर्धेत.

वक्तृत्व स्पर्धा हा लेखकाचा प्राण आहे आणि इथे वाचकांनी थोडं सांभाळून घ्यावं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केल्यापासून पुणं ऐकून घ्यायला तयार आहे (ऐकलेलं मानायला नव्हे), पण स्पर्धांचा खरा मुलूख पुण्याबाहेर आहे. सांगली, नाशिक, लातूर, अमरावती. कुणाच्या तरी स्मृतिप्रीत्यर्थ, फिरता करंडक, वेळ 5+2 मिनिटे, प्रवासखर्च एका बाजूचा, तोही लाल परीचा. सकाळी नऊची स्पर्धा साडेअकराला सुरू होते, कारण उद्घाटक दुसऱ्या उद्घाटनात असतात. ते येतात, ‘तरुणांनी राजकारणात आलं पाहिजे’ असं म्हणतात (कुठून, ते सांगत नाहीत) आणि निघतात. त्यांच्याबरोबर आलेलं निम्मं सभागृहही निघतं. मग मागे उरतात तीन परीक्षक, घंटा वाजवायला बसवलेली एक अकरावीची मुलगी आणि महाराष्ट्रभर फिरणारे तेच ते डझनभर वक्ते.

या डझनभरांना एकमेकांची भाषणं पाठ असतात. एकदा नाशिकला कोल्हापूरचा एक जण मध्येच अडखळला, तर प्रेक्षागृहातून तिघांनी एकदम पुढचं वाक्य सांगितलं. त्या तिघांतला एक लेखक होता आणि तो त्याचा त्या स्पर्धेतला सगळ्यात परिणामकारक उद्गार ठरला. विषय वेगवेगळे असतात खरे. ‘लोकशाही: काल, आज, उद्या’, ‘समाजमाध्यमे: शाप की वरदान’, ‘मला समजलेले शिवराय’. भाषण मात्र मेसच्या रश्शासारखं असतं. भाजी बदलते, रस्सा तोच. सुरुवातीला तीन सेकंद शांतता. मग एक आकडा. मग सुरेश भटांच्या दोन ओळी, आणि परीक्षक प्राध्यापक असतील तर कुसुमाग्रजांच्या. पहिल्या घंटेला आवाज खाली आणायचा, परीक्षक मान वर करतात. दुसऱ्या घंटेपर्यंत आई, माती किंवा सीमेवरचा जवान यांपैकी कुणीतरी आलंच पाहिजे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा इतर कुणाला काय उपयोग झाला ते होवो. स्पर्धकांना एक हमखास टाळीचं वाक्य मिळालं.

लेखकाची खासियत डोळ्यांत पाणी आणण्याची. स्वतःच्या. डाव्या डोळ्यात ते लवकर येतं, म्हणून तो परीक्षकांच्या उजव्या बाजूला उभा राहतो. मुठी आवळण्यावर त्याने आरशासमोर जेवढा वेळ घालवला तेवढा नोट्सवर घालवला असता, तर 1994 च्या कायद्याखाली तो नक्की प्रतिनिधी झाला असता. त्याच्या मते तो राज्यातल्या पहिल्या पाच वक्त्यांत आहे. उरलेल्या चौघांचंही स्वतःबद्दल हेच मत आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाच्याही यादीत लेखक नाही.

खोलीवर मात्र या सगळ्याला एकच श्रोता. रूममेट. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याकडचा, एमपीएससी करतो. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि आयबीपीएसचा पेपर एकाच दिवशी आला, तेव्हा पोरं रस्त्यावर बसली होती. त्यात तो होता. लेखकही गेला होता, घोषणा द्यायला. परीक्षा पुढे ढकलली गेली तेव्हा लेखकाला विजय झाल्यासारखं वाटलं. रूममेट म्हणाला, ‘म्हणजे अजून काही महिने वाढले. अभ्यासिकेचं भाडं वाढलं की.’

बोलतो तो एवढंच. लेखकाचं भाषण चालू असताना तो कानात बोळे घालून ‘लक्ष्मीकांत’ वाचत असतो. राज्यघटनेवरचं ते जाडजूड पुस्तक त्याने इतकं उलटलं आहे, की दहावी अनुसूची आपोआप उघडते. त्यावर त्याचं मत विचारलं तर म्हणतो, ‘चार पर्याय दे, मग सांगतो.’

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पाऊस झाला तेव्हा तो रात्रीच्या गाडीने गावी गेला. जाताना काही बोलला नाही. लेखक तेव्हा एका आगामी स्पर्धेच्या तयारीत होता आणि विषय होता ‘बळीराजा: कालचा आणि आजचा’. भाषणाला धार हवी होती. मदतीच्या पॅकेजची घोषणा झाली तेव्हा त्याने आकडा नीट पाठ केला: 31 हजार 628 कोटी. तो कसा म्हणायचा यावर विचार केला. ‘एकतीस हजार’ला थांबायचं, मग ‘सहाशे अठ्ठावीस कोटी’ हळू. हातवारा उजवा.

रूममेट दिवाळीनंतर परत आला. वाळला होता. पिशवीतून त्याने दरवेळसारखा चिवड्याचा डबा काढला नाही, आणि लेखकाने तो मागितला नाही, हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. भाषणाची तालीम लेखकाने दोन दिवस जिन्यात केली. तिसऱ्या दिवशी पावसाळी थंडी पडली म्हणून आत केली. रूममेटने बोळे काढले, पूर्ण ऐकलं आणि म्हणाला, ‘पीक वाहून गेलं म्हणतोस ते ठीक आहे. पीक पुढच्या साली येतं. आमच्या नदीकडच्या तुकड्यात मातीच राहिली नाही. खाली गोटे उघडे पडलेत. सोयाबीन पेरायचं तर पेरू कशात?’

लेखक गप्प बसला. त्याच्याकडून हे सहसा होत नाही.

मग बऱ्याच वेळाने त्याने वही पुढे ओढली. रूममेट बघत होता.

‘घेतोयस का भाषणात?’

‘घेऊ का?’

‘घे की. पहिलं बक्षीस किती आहे?’

‘पाच हजार.’

‘मग निम्मे माझे. शेत माझं आहे.’

व्यवहार ठरला. स्पर्धेत लेखकाने आकडा गाळला, सुरेश भट गाळले, मूठ खिशात ठेवली आणि उघड्या पडलेल्या गोट्यांबद्दल सरळ सांगितलं. पहिल्या घंटेला आवाज खाली आणायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. परीक्षकांनी नंतर बोलावून सांगितलं, की विषय चांगला मांडलास, पण भाषणात काव्य कमी पडलं. थोडा आवेश हवा होता. पहिलं बक्षीस कोल्हापूरच्या त्या अडखळणाऱ्याला मिळालं. त्याच्या भाषणात सीमेवरचा जवान आणि बळीराजा दोघंही एकाच घरातले होते.

लेखकाला उत्तेजनार्थ. पाचशे रुपये, स्मृतिचिन्ह आणि नाव चुकवलेलं प्रमाणपत्र.

खोलीवर आल्यावर रूममेटने अडीचशे मोजून घेतले, त्यातले दोनशे मेसच्या उधारीत लावले आणि स्मृतिचिन्ह उलटसुलट करून बघितलं. प्लास्टिकचं होतं. खिडकीचं दार वाऱ्याने आपटायचं, त्याला ते बरोबर बसलं.